पायरी आणि नेम

श्रीगिरिजात्मजाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकाची पहिली भेट देवाशी होत नाही, पायऱ्यांशी होते. जुन्नर शहरापासून अवघ्या पाच किलोमीटरांवर असलेल्या लेण्याद्रीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे काळ्या कातळाच्या पोटात कोरलेली लेण्यांची रांग दिसते आणि वयस्कर मंडळींच्या मुखातून नकळत देवाचे नाव निघते. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात विराजमान असलेले हे एकमेव स्थान होय. पायऱ्या किती, याविषयी मात्र एकमत नाही. कोणी २८३ सांगतो, कोणी ३०७. मोजणी कोठून सुरू करावयाची आणि कोठे थांबवावयाची यावर ते अवलंबून आहे, आणि मधल्या दमछाकीत एखादा आकडा गळून पडत असल्यास त्यातही नवल नाही.

या वाटेवर डोलीवाल्यांकडे क्षणभर पाहावे. खांद्यावर एका संपूर्ण माणसाचा भार घेऊन ते दिवसातून अनेकदा हा डोंगर चढतात. पण त्यांच्यापैकी कोणी धावत चढताना दिसणार नाही. तरुण मुले पहिल्या पन्नास पायऱ्या दोन-दोन करून ओलांडतात, पुढे कठड्याला टेकून उभी राहतात, आणि तोच संथ, एका लयीत पावले टाकणारी डोली त्यांच्या बाजूने पुढे निघून जाते. प्रस्तुत लेखाचा विषय या दृश्यातच सामावलेला आहे.

देवाच्या दारात मनुष्य मोठा संकल्प करतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यात लबाडी नाही. चढणीने शरीर थकलेले असते, गार वारा अंगावर येत असतो, समोर शिळेत प्रकटलेली शेंदूरचर्चित मूर्ती असते. अशा वेळी ‘उद्यापासून पहाटे चारला उठेन’, ‘रोज संपूर्ण अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करीन’, ‘यापुढे कधीही रागावणार नाही’ असे शब्द अंतःकरणापासून निघतात. ते खरे असतात. परंतु गाडी नारायणगावी चहासाठी थांबते, पुढे मंचर येते, खेड येते, रस्त्यावर गाड्यांची कोंडी होते आणि कधीही न रागावण्याचा संकल्प बहुधा तेथेच मोडतो. पहाटे उठण्याचा संकल्प चार दिवस चालतो. एकवीस आवर्तनांची पाच होतात, पाचाची एक होते, आणि मग ‘आज राहू दे’.

यात देवाची फसवणूक होते असे आम्हांस वाटत नाही. देव भक्ताच्या भावाचा भुकेला आहे, तो हिशेब ठेवीत बसत नाही. हानी होते ती निराळीच. मोडलेल्या प्रत्येक संकल्पाबरोबर मनुष्याचा स्वतःच्या शब्दावरील विश्वास थोडा कमी होतो. दहा वेळा असे घडले की अकराव्या वेळी संकल्प करतानाच मनात कोणीतरी हसते. ‘माझ्याने हे व्हावयाचे नाही’ हे वाक्य आळशी माणसाचे असते असा समज आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा अशा माणसाचे असते, ज्याने फार मोठे संकल्प फार वेळा केले. तेव्हा प्रश्न असा आहे की, चांगुलपणा मनुष्याच्या ठायी टिकून राहावयाचा तर तो एका मोठ्या निश्चयाने राहतो, की रोजच्या लहान कृतीने?

आपली भाषा या बाबतीत मोठी सूक्ष्म आहे. सवय ‘लागते’, व्यसनही ‘लागते’. पण नेम ‘धरावा’ लागतो. जे लागते त्यास आपली संमती लागत नाही. तंबाखू लागते, उशिरा उठणे लागते, दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणे लागते. नेमासाठी मात्र हात पुढे करून काहीतरी धरावे लागते, आणि सुटले तर पुन्हा धरावे लागते.

क्षेत्राची कथा भाविकांस ठाऊक आहेच. गणेश आपल्या पोटी यावा म्हणून गिरिजेने, म्हणजे पार्वतीमातेने, या डोंगरातील गुहेत बारा वर्षे तप केले आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीस तिने घडविलेल्या मूर्तीतून बालगणेश प्रकट झाला, अशी श्रद्धा आहे. आपण सारे त्या चतुर्थीचा उत्सव करतो. पण बारा वर्षे म्हणजे चार हजारांहून अधिक दिवस झाले. त्यांतील बहुतेक दिवशी काहीही घडले नसणार. पहाट झाली, पूजा झाली, ध्यान झाले, रात्र झाली. जगन्मातेस, जिच्या केवळ इच्छेने विश्व निर्माण होते तिला, इतक्या साध्या आणि इतक्या सारख्या दिवसांमधून जाण्याची काय आवश्यकता होती? कथाकारांनी तो काळ एका वाक्यात सांगून टाकला आहे. आपण मात्र त्या वाक्यापाशी थोडे थांबावयास हवे.

ज्या लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे ते या समूहातील सातवे लेणे होय. मुळात ही सुमारे तीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत खोदली गेली. एकही खांब नसलेला विस्तीर्ण सभामंडप आणि तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या निवासाच्या लहान लहान खोल्या अशी याची रचना आहे. वर्षावासाच्या महिन्यांत येथे राहणाऱ्या भिक्षूंचा दिवस नियमांनी बांधलेला असे. उठणे, ध्यान, भिक्षेस गावात उतरणे, दुपारपूर्वी एकदाच भोजन, धर्मचर्चा. आणि पौर्णिमा-अमावास्येस एकत्र जमून नियमांची उजळणी. म्हणजे देवाची मूर्ती येथे पूजिली जाण्याच्या पुष्कळ आधीपासून ही वास्तू दिनचर्येचे घर होती. आज आपण ज्या मंडपात आरतीस उभे राहतो तेथे शतकानुशतके कोणी ना कोणी ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करीतच होता, हे जाणून घेतल्याने आपल्या श्रद्धेस उणेपणा येत नाही.

लेणे खोदण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. घर पायापासून वर बांधले जाते. लेणे वरून खाली खोदले जाते. प्रथम छत, मग भिंती, शेवटी जमीन. छिन्नीच्या एका घावाने बोटभर कपचा निघतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री मिळून, दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती सारी या बोटभर कपच्यांच्या हिशेबाने झाली. एक फरक मात्र आहे. कातळात चुकून अधिक उडालेला कपचा परत बसविता येत नाही. मनुष्याच्या नेमात तो बसविता येतो, आणि तरीही आपण एक दिवस चुकला की सारे लेणेच कोसळल्यासारखे वागतो.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेख देणगीदार भाविकांनी विशेष जाणून घ्यावेत असे आहेत. त्यांत राजे-महाराजांपेक्षा सामान्य व्यावसायिकांची दाने अधिक आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान केल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या मासिक उत्पन्नाची तजवीज केल्याचाही उल्लेख आढळतो. येथून पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा प्रसिद्ध लेख आहे; त्यात यज्ञांची आणि हजारो गायींच्या दक्षिणांची नोंद आहे. ते वैभव थोर खरेच. पण दरमहा येणाऱ्या त्या लहानशा रकमेत जे शहाणपण आहे ते आम्हांस अधिक जवळचे वाटते. दान देणाऱ्यास ठाऊक होते की भिक्षूस तहान एकदाच लागत नाही.

अलीकडच्या काळातही आपल्या जिल्ह्यात याचे एक उदाहरण घडले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारावेत, अशी ती होती. पुष्कळांना ती हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या पैशा-पैशांतून काचेचा कारखाना सुरू झाला. ज्याने एक पैसा दिला त्याचे काही गेले नाही, हे खरे. पण पुढच्या वर्षी पुन्हा द्यावयाचा आहे ही आठवण त्याच्या घरात राहिली, आणि देशकार्य हा आपल्याही आवाक्यातील विषय आहे असे त्यास वाटू लागले.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. सवयीने केलेले सत्कर्म यांत्रिक होत नाही काय? रोज दिवा लावणारा हात एका टप्प्यानंतर मन नसतानाही दिवा लावतो. ओठ हरिपाठ म्हणतात आणि चित्त बाजारभावात असते. अशा कर्माचे मोल काय? त्यापेक्षा वर्षातून एकदाच, पण डोळ्यांत पाणी येऊन केलेली प्रार्थना श्रेष्ठ नव्हे काय?

आक्षेपात तथ्य आहे. मन हरवलेला नेम कोरडा पडतो, हे कोणीही नेमस्त मनुष्य प्रामाणिकपणे मान्य करील. योगसूत्रकार पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: दीर्घ काळ, खंड न पडणे आणि आदर. पहिल्या दोन सांगून ते थांबले नाहीत. आदराची अट त्यांनी मुद्दाम घातली. पण आक्षेप घेणारा एक गोष्ट विसरतो. डोळ्यांत पाणी आणणारी प्रार्थना मागवून येत नाही. ती येते तेव्हा आपण देवापुढे असावे लागते. जो रोज पाच मिनिटे बसतो, त्याची शंभरातील नव्वद बैठकींची पाच मिनिटे कोरडी गेली तरी दहा वेळा तो घरी असतो. जो बसतच नाही, त्याच्या दारावरून ती येऊन निघून जाते.

दुसरे असे की, यांत्रिक म्हणून ज्यास आपण हिणवितो ते कधी कधी मनुष्याचे शेवटचे धन ठरते. वार्धक्यात स्मृती गेलेली माणसे आपण अनेक घरांत पाहतो. मुलगा ओळखू येत नाही, नातवंडांची नावे जातात, आपण कोणत्या गावी आहोत हे कळत नाही. पण तिन्हीसांजा झाल्या, कोणी आरतीचे पहिले शब्द म्हटले, की तेच थरथरते हात टाळीसाठी जुळतात आणि पुढचे कडवे न अडखळता येते. शरीराने आणि सुराने शिकलेली गोष्ट नावा-गावांच्या आठवणींपेक्षा उशिरा जाते, असे वैद्यकशास्त्रही सांगते. सारे गेल्यावर जे उरले, ते त्या माणसाने साठ वर्षे रोज थोडे थोडे ठेवलेले होते. त्यास यांत्रिक म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. अर्थात नियम दोन्ही बाजूंनी चालतो. साठ वर्षे रोज केलेली कुरकुरही अशीच उरते.

कृपा आणि अभ्यास यांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. जुन्नर तालुक्यातील आळे या गावी, ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. भाविक तेथे नतमस्तक होतात. त्या रेड्यास माउलींच्या एका हस्तस्पर्शाने वेद आले. आम्हांस मात्र बालपणी एकोणतीसचा पाढा पाठ होण्यास एक संपूर्ण पावसाळा पुरला नाही. मग मनात येते की, संतांची कृपा झाली की झाले, हा रोजचा खटाटोप कशास? पण ज्यांच्या ठायी ते सामर्थ्य होते त्या माउलींनी सामान्य जनांच्या हाती काय दिले ते पाहावे. त्यांनी रोज म्हणावयाचा हरिपाठ दिला, जो शेतावरून आलेला दमलेला मनुष्य हातपाय धुऊन थोडक्या वेळात म्हणू शकेल. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात, मन वाऱ्यासारखे आवरेनासे आहे अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा त्याच्यासमोर साक्षात भगवंत आहेत. तरीही ते त्याचे मन एका क्षणात शांत करून देत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य असे उत्तर देतात.

याच तालुक्यातील ओतूर येथे मांडवी नदीकाठी श्रीकपर्दिकेश्वराचे मंदिर आहे. श्रावणातील सोमवारी तेथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचण्याची परंपरा आहे. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, असा क्रम वाढत जातो. ओल्या तांदळाचा गोळा कोणीही करील; कोरडा दाणा दाण्यावर ठेवणे हे धीराचे काम आहे. आणि पहिल्याच सोमवारी साऱ्या पिंडी रचण्याचा आग्रह कोणी धरीत नाही.

आधुनिक संशोधनाचा दाखला द्यावयाचा तर, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवणासोबत एक फळ खाणे, जेवणापूर्वी थोडे धावणे अशी एखादी लहान गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगी करावयाची होती. ती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. तेव्हा एकवीस दिवसांत सवय जडते असे जे सर्वत्र सांगितले जाते त्यावर फार विसंबू नये. बाविसाव्या दिवशीही जड गेले तर दोष आपला नव्हे. या अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेस फारशी बाधा आली नाही.

ठरलेल्या प्रसंगाशी कृती बांधणे, ही युक्ती आपल्या घरांत पूर्वीपासून होती. दिवेलागणीस शुभंकरोती आणि त्यामागून परवचा. जेवणापूर्वी पानाभोवती पाणी. भाकरी टाकताना एक गाईसाठी. मुलास वेगळी आठवण द्यावी लागत नसे; दिवा लागला की ओठ हलत. आज घराघरांतून दिवेलागणीची वेळ दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने घेतली आहे, म्हणून हळहळण्यापेक्षा आजच्या दिवसात कोणत्या गोष्टी अजून न चुकता घडतात ते शोधावे. दात घासणे घडते, चहा घडतो, घराला कुलूप लावणे घडते, भ्रमणध्वनी विजेला जोडणे तर कोणीच विसरत नाही. त्यांपैकी एकीच्या मागे आपली लहानशी कृती जोडून द्यावी.

मात्र लहान पावलांचा हा विचार सर्वत्र लागू करणे योग्य नव्हे. दारूच्या बाबतीत ‘रोज थोडी थोडी कमी करीन’ असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतःस फसवीत असतो. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्य-मांस त्याच दिवशी सुटते, तेथे टप्पे नाहीत. पण तो तोडलेला क्षण टिकतो कसा? १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी व्यसनी माणसास जन्मभराची शपथ घ्यावयास सांगत नाहीत. आजचा दिवस प्यावयाची नाही, एवढेच सांगतात. उद्याचे उद्या. म्हणजे सोडणे एका घावात आणि सुटलेले राहणे रोज एक दिवस. (फार काळ व फार प्रमाणात पिणाऱ्याने अचानक थांबताना डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण त्यात जिवास धोका असू शकतो. देवाची शपथ आणि डॉक्टरांचे औषध यांत वैर नाही.)

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड नेणाऱ्या मालमोटारीपुढे ते आडवे झाले आणि देशासाठी प्राण दिला, एवढे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. तो क्षण लखलखीत आहे. पण हा गिरणीत राबणारा, विशीतला तरुण त्या दिवशी अकस्मात शूर झाला नव्हता. त्याआधी तो मिठाच्या सत्याग्रहात उतरला होता, तुरुंगवास भोगून आला होता, परदेशी कापडावरील बहिष्काराच्या कामात सामील झाला होता. मोटार समोर आली तेव्हा निर्णयास वेळ फार थोडा होता. अशा वेळी मनुष्य नवा विचार करीत नाही. पूर्वी जे पुन्हा पुन्हा केले तेच करतो.

आता थोडे या डोंगरावरील माकडांविषयी. पिशवी हिसकावून नेली अशी तक्रार भाविक वरचेवर करतात आणि ती खरी आहे. परंतु ही विद्या त्यांना कोणी शिकविली? एका भाविकाने एक केळे कौतुकाने दिले, दुसऱ्याने फुटाणे, तिसऱ्याने बिस्किटे. प्रत्येकाची कृती लहान, भाव चांगला. वर्षानुवर्षांनी त्यातून एका वानरकुळाची जंगलात अन्न शोधण्याची रीत मंदावली. सवय लावणारे आपण आणि दोष त्यांचा! तीच गोष्ट पायऱ्यांवर पडणाऱ्या कागदाची आणि बाटलीची. संत गाडगेबाबा गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेत आणि कीर्तन मागाहून करीत. चढताना आपलीच रिकामी बाटली पिशवीत ठेवून खाली नेली, तर त्यासाठी खराट्याचीही गरज पडत नाही.

दर्शन झाल्यावर घाई न करता मंडपात थोडे बसावे. संकल्प करावयाचाच असेल तर तो असा निवडावा की दुसऱ्यास सांगताना किंचित संकोच वाटावा, इतका तो लहान असेल. रात्री निजण्यापूर्वी आईवडिलांशी दोन वाक्ये बोलणे. सकाळच्या चहापूर्वी एकदा अथर्वशीर्ष, आणि तेही जमणार नसेल तर केवळ एक नमस्कार. रोज एक पान वाचणे. रोजच्या मजुरीतील एक नाणे वेगळ्या डब्यात. घरी आजार येईल, कापणीचे दिवस येतील, लग्नकार्य येईल, तेव्हाही जे करता येईल तेवढेच ठरवावे. ज्या दिवशी उत्साह असेल त्या दिवशी अधिक करण्यास कोणाची ना नाही, पण ते अधिक नेमात धरू नये. आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करण्याच्या मोहात पडू नये. दुप्पट करणाऱ्यास तिसऱ्या दिवशी कंटाळा गाठतो. जेवढे ठरले होते तेवढेच पुन्हा करावे.

मग उठून उतरावयास लागावे. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून वृद्धांनी कठड्याचा आधार घ्यावा आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर जपून पाय ठेवावा. समोर जुन्नरचे खोरे पसरलेले असते, पलीकडे शिवनेरी उभा असतो, आणि चढताना जे पाहण्यास सवड झाली नाही ते सारे आता दिसते. हौस असल्यास पायऱ्या पुन्हा मोजाव्यात. चढतानाचा आकडा आणि उतरतानाचा आकडा जुळेलच असे मात्र नाही.